पोकळ गदा कशी ओतावी: पातळ रेझिन, रबरी साचा आणि गोव्याची दमट हवा

रंगमंचावरची गदा दोन ठिकाणी उघडी पडते. भीमाने ती खांद्यावरून खाली घेतली की वजनात, आणि दुर्योधनाच्या गदेला भिडली की आवाजात. पुठ्ठ्याची गदा हलकी असते, पण पहिल्याच हाणामारीत चेपते. लाकडाची टिकते, पण दशावतारी कलाकाराने ती रात्रभर वागवायची म्हणजे त्याच्या खांद्यावर अन्याय. शिवाय चुकून समोरच्याच्या बोटांवर बसली तर पुढचा प्रवेश दवाखान्यात. पेडण्याकडे काय किंवा फोंडा-डिचोलीकडच्या देवळांतल्या पौराणिक नाटकांत काय, अडचण सगळीकडे हीच. तिच्यावर चांगला तोडगा म्हणजे रेझिनची, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकची, पोकळ गदा.

हिशेब करून बघा. १८ सेंटीमीटर व्यासाचा गोळा भरीव ओतला तर साधारण तीन लिटर रेझिन लागते आणि वजन ३.२ किलोच्या घरात जाते. तोच गोळा ४ मिलिमीटर जाडीचा पोकळ काढला तर रेझिन लागते सुमारे ४१० ग्रॅम. खर्च आठव्या हिश्श्यावर येतो आणि नट दुवा देतो. भरीव गोळ्यात आणखी एक धोका असतो. रेझिन घट्ट होताना उष्णता सोडते. तीन लिटरच्या ढिगाच्या पोटात ती कोंडते, त्यामुळे गोळा आतून तडकतो किंवा आकसतो. पातळ कवचात ही भानगड येत नाही.

मुखवटा, कलश, शिगमोच्या चित्ररथावरचे हत्तीचे डोके, दुकानाच्या दर्शनी भागातला मोठा मासा, सगळे याच रीतीने होते. गदेपासून सुरुवात करावी, कारण तिचा आकार सरळ आहे आणि दांड्यासाठी एक भोक लागतेच. तेच साच्याचे तोंड.

आधी एक घोळ मिटवू. घराच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकीही पोकळ असते आणि तीही साचा फिरवूनच होते, पण तिथे पॉलिथिनची कोरडी पावडर धातूच्या साच्यात घालून तो साचा भट्टीत फिरवतात. पावडर वितळून भिंतीला चिकटते, मग साचा थंड करून टाकी काढतात. रबरी बाहुल्यांचे काम आणखी वेगळे: पीव्हीसीचे दाट द्रव मिश्रण तापल्या साच्यात ओततात, भिंतीलगतचा थर जमला की उरलेले परत ओतून घेतात. आपल्याकडे भट्टी नाही आणि लागतही नाही. आपण वापरणार दोन भागांचे पॉलियुरेथेन रेझिन. ए आणि बी एकत्र केले की ते खोलीच्या तापमानावर आपोआप जमते, आणि एकदा जमले की पुन्हा वितळत नाही.

पॅटर्न

साचा ज्यावरून घ्यायचा तो मूळ नमुना, म्हणजे पॅटर्न. गदेचा गोळा लेथवर लाकडात काढून घेणे सर्वांत सोपे. कुंकळ्ळीच्या चितारी कारागिरांसारखे लाकूड कातणारे हात ओळखीत असतील तर गोळा, वरचा कळस आणि खालची कडी एकाच तुकड्यात कातून मिळेल. कंगोरे हवे असतील तर ते मेणमातीने चढवा. चवथीच्या मूर्ती करणाऱ्या चित्रशाळेत हात बसलेला माणूस चिकणमातीत अख्खी गदा घडवेल, पण ती पूर्ण वाळल्यावर तडे जातात, म्हणून मातीचा पॅटर्न ओलसर असतानाच त्यावर साचा घ्यावा लागतो.

लाकूड असेल तर सँडिंग सीलरचे दोन-तीन हात, मग लॅकर, मग बारीक पॉलिश पेपर. सिलिकॉन रबर इतके बारकाईने उमटवते की लाकडाची रेष आणि ब्रशचा ओरखडासुद्धा शेवटच्या गदेवर येतो. सीलर नीट वाळल्यावर वॅक्स पॉलिशचा पातळ हात फिरवून कापडाने पुसून काढा.

खालच्या बाजूला, जिथे दांडा जाणार तिथे, ४ सेंटीमीटर व्यासाचा आणि तितक्याच उंचीचा एक दंडगोल बसवा. साच्यात तेच तोंड होईल. तोंड यापेक्षा लहान ठेवण्याचा मोह टाळा. रेझिन ओतायला, आत टॉर्च मारून बघायला आणि नंतर एक इंची पाईप घालायला तेवढी जागा लागतेच.

रबरी साचा

बाजारात दोन जातींचे सिलिकॉन मिळते, टिनवर जमणारे आणि प्लॅटिनमवर जमणारे. प्लॅटिनमचे जास्त टिकते आणि आकसत नाही, पण फार नाजूक मिजाशीचे. मेणमातीत गंधक असेल, हातात लॅटेक्सचे मोजे असतील किंवा आधी त्याच भांड्यात टिनचे सिलिकॉन कालवलेले असेल, तर ते चिकटच राहते. नाटकाच्या सामानाला टिनचे पुरते. त्यात हार्डनर, म्हणजे रबर जमवणारे द्रव्य, वजनाने साधारण ३ ते ५ टक्के पडतो. डब्यावर जे प्रमाण असेल ते पाळा आणि अंदाजपंचे काम करू नका. सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन हे दोन्ही माल बहुधा मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात. जॅकेटसाठी लागणारे फायबरचे सामान मात्र इथेच मिळते, कारण किनाऱ्यावर मासेमारीच्या फायबर होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे आहेत.

पहिला हात पातळ. ब्रशने, घाई न करता, प्रत्येक कंगोऱ्याच्या खाचेत घुसवत. बुडबुडा दिसला की फुंकर मारून फोडा. हा थर चिकट पण न ओघळणारा झाला की पुढचा हात दाटपणा आणणारे वेगळे द्रव्य घालून लोण्यासारखा दाट करा आणि वर चढवा. असे थर देत भिंत ८ ते १० मिलिमीटर करायची. मधल्या थराला पातळ सुती जाळीचे तुकडे लावले तर रबर फाटत नाही. एवढ्या गोळ्याला साधारण एक ते दीड किलो सिलिकॉन जाते. बाहेरच्या बाजूला रबराचेच चार-पाच उंचवटे ठेवा, म्हणजे ते जॅकेटमध्ये नेमके एकाच जागी बसेल.

जॅकेट म्हणजे रबराला आकारात धरणारे बाहेरचे कडक कवच. पीओपीचे जॅकेट स्वस्त आणि झटपट होते, पण त्याचे वजन तीन-चार किलो होते आणि तो धोंडा हातात घेऊन दहा मिनिटे सगळ्या दिशांनी फिरवायचा आहे. फायबरचे करा. अर्ध्या गोळ्यावर मेणमातीची उभी भिंत घालून, वॅक्स लावून, पॉलिस्टर रेझिन आणि काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर. ते जमल्यावर मातीची भिंत काढून, फायबरच्या कडेला वॅक्स लावून, दुसरा अर्धा. दोन्ही कडा एकमेकींना लागलेल्या असतानाच त्यांना आरपार भोके पाडा आणि नट-बोल्ट बसवा.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पॉलिस्टरला लागणारा हार्डनर आणि कोबाल्ट, म्हणजे जमणे जलद करणारे द्रव्य, कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत. त्यांचा स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवा, मग त्यात हार्डनर घाला. दोन्ही बाटल्या एका खोक्यातही ठेवू नका.

जॅकेट उघडले की रबर कापायचे. तोंडापासून कळसाच्या थोडे अलीकडेपर्यंत एकच चीर, नव्या ब्लेडने, सरळ न कापता नागमोडी. नागमोडी चिरेच्या दोन्ही बाजू पुन्हा जुळवताना सरकत नाहीत. ही चीर जॅकेटच्या सांध्याखाली येऊ देऊ नका. सांध्यापासून पाव फेरा बाजूला घ्या. मग जॅकेटचे सलग कवच चिरेवर दाबून बसते आणि रेझिन गळत नाही. पॅटर्न काढून घेतल्यावर साचा लगेच वापरू नका. टिनचे सिलिकॉन जमताना अल्कोहोल सोडते. ते उडून जायला हवेशीर जागी दोन-तीन दिवस द्या.

दमटपणा हा खरा शत्रू

पॉलियुरेथेनच्या बी भागात, काही कंपन्यांच्या डब्यांत ए भागात, आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याला पाणी सापडले की कार्बन डायऑक्साईड तयार होतो. गादीतला फोम फुगतो तो याच करामतीने, आणि आपल्या गदेत पिनच्या डोक्याएवढे हजार बुडबुडे येतात तेही तिच्यामुळेच. गोव्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की डबा उघडा राहिला तरी पुरते. म्हणून या महिन्यांत मी तरी रेझिन ओतणार नाही. पॅटर्न करा, साचे करा, टिनच्या सिलिकॉनला ओलावा उलट मानवतो. ओतण्याचे काम डिसेंबर ते मार्चमध्ये आटपावे. शिगमोच्या चित्ररथांचे काम त्याच दिवसांत येते हे सुदैव. दशावतारी नाटके मात्र दिवाळीनंतर सुरू होतात, आणि त्यांना सामान ऑक्टोबरात हवे असते. अशा वेळी एसी असलेली खोली गाठावी, कारण एसी हवेतले पाणी काढून घेतो.

वेळेचा एक पेच आहे. उन्हाळ्यात पहाटे गारवा असतो म्हणून लोक पहाटे काम करू बघतात, पण हवेतला दमटपणा पहाटेच सर्वांत जास्त असतो. दुपारी हवा त्या मानाने कोरडी, पण तापमान चढलेले, आणि उष्णतेत रेझिन लवकर जमते. तापमान दहा अंशांनी वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो असे धरून चाला. माझे मत दुपारच्या बाजूने: वेळ कमी पडला तर एका खेपेला थोडे कमी कालवता येते, बुडबुडे मात्र परत काढता येत नाहीत. रेझिन गार करण्यासाठी डबे फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती कोणी सांगेल. ऐकू नका. गार डबा बाहेर आला की त्यावर दव धरते, आणि झाकण उघडताच ते आत.

ओलावा कुठून कुठून येतो ते बघा. लाकडी काडी, म्हणजे आईस्क्रीमची काडी, पाणी धरून असते. प्लास्टिकची पट्टी वापरा. कागदी कप नको, प्लास्टिकचा हवा. धुतलेला साचा वरून कोरडा वाटतो, पण चिरेत पाणी दडते. उन्हात किंवा ड्रायरने कोमट करून घ्या. पीओपीचे जॅकेट असेल तर ते आठवडाभर वाळल्याशिवाय जवळ आणू नका. रेझिन लहान डब्यांत घ्या आणि उघडलेला डबा लगेच घट्ट बंद करा. डब्याच्या तोंडाशी पांढरी पापडी धरलेली दिसली की त्यातल्या मालाने गदा ओतायची नाही.

किती कालवायचे

गोळ्यासाठी सूत्र सोपे आहे: पृष्ठफळ सुमारे १,०२० चौरस सेंटीमीटर, गुणिले जाडी ०.४ सेंटीमीटर. कवच वक्र असल्याने प्रत्यक्षात थोडे कमी, ३९० घनसेंटीमीटर. रेझिनची घनता १.०५ धरली तर ४१० ग्रॅम. कंगोरे, पाने, मुखवट्याचे नाक असे वेडेवाकडे आकार असतील तर पॅटर्नवर मास्किंग टेपच्या पट्ट्या न दुमडता, कडेला कड लावून चिकटवा, काढून सरळ जोडा, लांबी मोजा आणि टेपच्या रुंदीने गुणा. वर दहा-पंधरा टक्के कपाला चिकटून वाया जाणार ते धरा.

हे सगळे एकाच वेळी ओतायचे नाही. तीन थरांत वाटा: पहिल्याला १२०, दुसऱ्याला १५०, तिसऱ्याला उरलेले. एकदम ओतले तर मधोमध तळे राहते, आणि ते ज्या क्षणी जमते त्या क्षणी साचा ज्या बाजूला असेल तिथे ढेकूळ होऊन बसते.

प्रमाणाबद्दल सावध राहा. डब्यावर "एकास एक, आकारमानाने" लिहिलेले असेल तर वजनकाट्यावर सारखे वजन घेऊ नका. आयसोसायनेटचा भाग जड असतो, त्यामुळे सारखे वजन म्हणजे चुकीचे प्रमाण. वजनाचे प्रमाण माहितीपत्रकात वेगळे दिलेले असते, ते घ्या आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा वापरा. प्रमाण चुकलेली गदा कधीच नीट जमत नाही, आठवडाभराने हात लावला तरी चिकट.

ओतणे आणि फिरवणे

मोजे नायट्राईलचे, डोळ्यांना चष्मा, आणि नाकावर सेंद्रिय वाफांसाठीचे काडतूस असलेला मास्क. कापडी मास्क इथे काहीच रोखत नाही. आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा बसली की नंतर थोड्याशा वाफेनेही दमा उठतो, आणि ती परत जात नाही. दमेकऱ्याने हे काम करूच नये.

साच्यात रिलीज स्प्रेचा, म्हणजे रेझिन चिकटू न देणाऱ्या द्रवाचा, हलका फवारा मारून पुसा. गदेला पितळेची झाक हवी असेल तर याच वेळी पितळेची बारीक पावडर कोरड्या ब्रशने रबराच्या आतून फासा आणि जादा झटकून टाका. पहिला थर तिला धरून ठेवतो. नंतर बारीक स्टील वूलने घासले की खऱ्या धातूची चमक येते. सोनेरी रंगापेक्षा हे पेट्रोमॅक्समध्येही आणि आताच्या एलईडी दिव्यांतही किती तरी चांगले दिसते.

जॅकेट बंद करा, बोल्ट आवळा. १२० ग्रॅम कालवा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत, अर्धा मिनिट. जलद जमणाऱ्या रेझिनला कपात दोन ते तीन मिनिटे मिळतात. ओता. साचा आधी कळस खाली येईल असा धरा आणि जॅकेटवर दोन-चार चापट्या मारा, म्हणजे कळसाच्या टोकातली हवा वर येईल. मग तोंडाला रबरी बूच लावा. बुचाच्या मधोमध एक बारीक नळी हवी, तिचे आतले टोक पोकळीच्या मध्यापर्यंत. रेझिन तापले की आतली हवा फुगते. तिला वाट नसेल तर ती चिरेतून रेझिन बाहेर ढकलते. नळीचे टोक मध्यावर असल्याने रेझिन तिच्यापर्यंत पोचत नाही, हवा मात्र सुटते.

आता फिरवा. इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. त्यांना वाटते जोरात गरगर फिरवले की रेझिन भिंतीवर फेकले जाईल. तसे केले तर ते एका पट्ट्यातच जमते. घावन घालणारी बाई पीठ तव्यावर फिरवते तसे हे काम आहे: रेझिन कायम खालीच असते, भिंत त्याच्या खालून सरकत जाते आणि दर खेपेस पातळ पापुद्रा घेऊन वर येते. एका फेऱ्याला पाच-सहा सेकंद पुरेत. एक फेरा पुढे, मग पाव वळसा, पुन्हा फेरा, पुन्हा पाव वळसा. कळस आणि तोंड ही दोन्ही टोके विसरली जातात, म्हणून अधूनमधून मुद्दाम दोन्हींवर साचा उभा करा.

कपात उरलेले रेझिन घट्ट झाले म्हणून हात थांबवू नका. ढिगात उष्णता साठते म्हणून तिथे ते लवकर जमते. साच्यातल्या पातळ थराला ती उष्णता नसते, त्याला जास्त वेळ लागतो. आतून चळचळ आवाज यायचा थांबला, बूच काढून तोंडाच्या कडेला पट्टी टेकवली आणि ओघळ आला नाही, म्हणजे थर बसला. साधारण आठ-दहा मिनिटे धरा.

दुसरा थर लगेच. पहिला अजून कोमट आणि किंचित चिकट असतानाच तो गेला पाहिजे, कारण तेव्हा दोघांची रासायनिक गाठ बसते. रात्रभर ठेवून सकाळी दुसरा थर दिला तर गदा आपटल्यावर आतला थर सुटून खुळखुळ वाजतो. दुसऱ्या थराआधी टॉर्चने आत बघा. रबर जिथे आतल्या बाजूला उठलेले असते, म्हणजे दोन कंगोऱ्यांमधल्या घळीत, तिथून रेझिन ओघळून जाते आणि कवच पातळ राहते. तिथे रबराचा रंग झिरपून दिसतो. दुसरा थर त्या जागांवर थोडा रेंगाळू द्यायचा.

तिसऱ्या थराआधी दांड्याचा पाईप. एक इंची पीव्हीसी पाईप, आत जाणारा भाग खडबडीत पॉलिश पेपरने घासलेला आणि त्याला आडवी चार भोके पाडलेली. आतल्या टोकाला पक्के बूच हवे, नाहीतर रेझिन दांड्यात शिरेल. तो कळसापर्यंत टेकवा, तोंडाशी मेणमातीने मधोमध धरा, बाजूच्या फटीतून तिसरा थर ओता, फट बंद करा आणि फिरवा. शेवटची एक-दोन मिनिटे कळस खाली ठेवून नुसतेच धरा, म्हणजे पाईपचे टोक कळसाच्या आत रेझिनमध्ये रुतून बसेल. तोंडाकडचा सांधा नंतर, पोटात फोम भरून झाल्यावर, वेगळ्या २०-३० ग्रॅमने भरता येतो.

यंत्र हवेच का

दोन-चार गदांसाठी नको. हाताने उत्तम होते, फक्त जोडीला कोणीतरी हवे, कारण मधेच दुसऱ्या थराचे माप करायला हात मोकळे नसतात. नाटक कंपनीला डझनभर मुकुट हवेत किंवा चित्ररथाला पन्नास कमळे, तेव्हा यंत्राचा विचार करावा.

लोखंडी चौकोनी पाईपची एक मोठी चौकट, तिच्या आत दुसरी लहान. मोठी आडव्या आसावर फिरते. लहान तिच्याच आत, काटकोनातल्या आसावर. मोठीला गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर, सायकलच्या लहान-मोठ्या चेनचाकांनी वेग तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर आणलेला, म्हणजे मिनिटाला दहा-बारा फेरे. आतल्या चौकटीला वेगळी मोटर लागत नाही. मोठ्या चौकटीच्या आसावर एक कप्पी स्टँडला घट्ट बसवा, ती फिरता कामा नये. तिच्यावरून शिलाई मशीनसारखा गोल पट्टा काढून, कोपऱ्यावर दोन छोट्या कप्प्यांवरून काटकोनात वळवून, आतल्या चौकटीच्या कप्पीवर आणा. मोठी चौकट फिरली की पट्टा त्या स्थिर कप्पीभोवती चालत जातो आणि आतली चौकट आपोआप फिरते. दोन्ही कप्प्या सारख्या व्यासाच्या घेऊ नका. सारख्या घेतल्या तर दर फेऱ्याला रेझिन तोच मार्ग धरते आणि गदेवर जाड-पातळ पट्टे उमटतात. एक ८ आणि दुसरी ९ सेंटीमीटरची घेतली तरी मार्ग आठ-नऊ फेऱ्यांनीच परततो. पट्टा थोडा घसरतो तो बोनस.

साचा चौकटीच्या बरोबर मध्यात बांधा. एका बाजूला जड राहिला तर वर चढताना मोटर अडखळते आणि खाली येताना धावते. रेझिनला तेवढा फरक पुरतो.

पोट भरणे, साफसफाई, रंग

गदा साच्यातून काढण्याआधी तिच्या पोटात कडक पॉलियुरेथेन फोम भरा. त्यामुळे आवाज मरतो. पोकळ गदा स्टेजच्या फळीला लागली की डबा वाजल्यासारखी वाजते आणि भीमाचा सगळा आवेश वाया जातो. अडीच लिटरच्या पोकळीला १०० ते १२० ग्रॅम फोमद्रव पुरते. दोन खेपांत ओता आणि तोंड उघडे ठेवा. फोम फुगताना चांगलाच जोर लावतो, कवच फाटू शकते, म्हणून जॅकेट चढलेले असतानाच हे उरकायचे. दांड्यासकट गदा पाऊण किलोच्या आसपास भरते.

साच्यातून काढल्यावर चिरेच्या जागी पातळ पापडी येते, ती ब्लेडने उडवा. घासायचे ते पाण्याखाली, कोरडी धूळ उडवू नये. साबणाने रिलीज धुऊन टाका, नाहीतर रंग सालपटासारखा निघतो. प्लास्टिक प्रायमर, मग रंग. न रंगवलेले रेझिन उन्हात पिवळे पडते. चित्ररथावरच्या वस्तूंना वरून यूव्ही रोखणारा क्लिअर कोट द्यावा.

काही बिघडलेच तर गदाच कारण सांगते. सगळीकडे बारीक बुडबुडे म्हणजे ओलावा. फक्त टोकांना मोठे बुडबुडे म्हणजे हवा अडकली, कळस खाली धरून चापट्या कमी पडल्या. एका बाजूला ढेकूळ म्हणजे थर जाड ओतला किंवा फिरवणे लवकर थांबवले. ठिकठिकाणी चिकट डाग म्हणजे कपाच्या कडेचे न कालवलेले रेझिन खरवडून आत गेले. कालवल्यावर दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एकदा ढवळण्याची सवय लावली की हे बंद होते. गदा दोन दिवसांनी वाकडी दिसली तर ती साच्यातून लवकर काढली.

दोन ठिकाणी हे रेझिन अजिबात वापरू नका. पहिले नरकासुर. मुखवट्याचा रबरी साचा खुशाल करा, पण त्यात कागदाचा लगदा दाबा, कारण नरकासुर दिवाळीच्या पहाटे जाळायचा असतो आणि पॉलियुरेथेन जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो, भोवती सगळ्या वाड्यावरची पोरे उभी असतात. दुसरे, विसर्जनाची कोणतीही मूर्ती. खाण्यापिण्याच्या भांड्यांनाही हे चालत नाही. नाटकातला कलश असेल तर त्यातून खरे तीर्थ द्यायचे नाही हे नटाला आधीच सांगून ठेवा.

साचा धुऊन, पूर्ण वाळवून, जॅकेटमध्ये बोल्ट लावून ठेवा. मोकळे रबर माळ्यावर टाकले तर स्वतःच्या वजनाने बसते आणि पुढच्या वर्षीची गदा लंबगोल निघते. नीट सांभाळलेल्या टिनच्या साच्यातून पंचवीस-तीस नग सहज निघतात. मग कंगोऱ्यांच्या कडा बोथट होतात, चिरेपाशी रबर ठिसूळ होते. तोवर मूळ पॅटर्न फेकलेला नसावा. उरलेले ए आणि बी गटारात ओतायचे नाहीत. एकत्र कालवून, उघड्या हवेत जमू देऊन, घट्ट झालेला गोळा कोरड्या कचऱ्यात द्यावा.